विहिरीवरील झाकण : घरातील पाणी, डास आणि सार्वजनिक सत्ता यांच्या इतिहासातील एक प्रकरण

न्हावरे हे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील गाव शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा प्रदेश मूळचा कोरडा. घोड आणि चासकमान या प्रकल्पांच्या पाण्याने तालुक्याच्या बऱ्याच भागाचे रूप पालटले, ऊस आला, न्हावऱ्यास सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तरी पिण्या-वापरण्याचे पाणी घरात साठवून ठेवण्याची जुनी सवय या भागातून गेलेली नाही, आणि ती जाण्याचे कारणही नाही. रांजण, पत्र्याचे वा प्लास्टिकचे पिंप, परसातील सिमेंटचा हौद, अलीकडे गच्चीवरील काळी टाकी हे येथील घराचे अवयवच होत. महाराष्ट्रातील अशा गावांत पावसाळ्याच्या तोंडावर आरोग्य-कर्मचारी घरोघर जातो, साठवणीच्या भांड्यांवरील झाकणे उचलतो, विजेरीच्या उजेडात पाण्यावर अळ्या दिसतात काय ते पाहतो, एखादे भांडे ओतून द्यावयास सांगतो, एखाद्यात औषधाचे थेंब टाकतो, विहिरीत गप्पी मासे सोडतो, आणि आठवड्यातून एक दिवस 'कोरडा' पाळावा असे बजावून पुढच्या घराकडे वळतो. हा प्रसंग आता इतका परिचयाचा झाला आहे की त्यात काही विशेष घडते असे कोणास वाटत नाही. वस्तुतः त्यात विशेष घडते ते असे की, सरकारचा मनुष्य खासगी घरातील पाण्याच्या भांड्यात डोकावतो आणि ते पाणी ठेवावे की सांडावे याविषयी बोलतो. हा अधिकार त्यास केव्हा प्राप्त झाला, आणि तो लोकांनी कोणत्या अटींवर मान्य केला, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या प्रश्नाचे उत्तर शिरूर तालुक्याच्या दप्तरात सापडणारे नव्हे. हा वाद प्रथम मुंबई बेटावर, विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत झडला, आणि त्याचा विषय होता घराच्या चौकातील विहीर. परंतु त्या वादातील मुख्य पात्राची, म्हणजे डासाची, ओळख पटली ती मुंबईत नव्हे, वऱ्हाडात.

रोनाल्ड रॉस यांना १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परोपजीवीची अवस्था आढळली, ही कथा सर्वश्रुत आहे. तिच्यामागोमाग घडलेली गोष्ट तितकीशी परिचित नाही. हिवताप वाहणारे डास ॲनाफेलिस वर्गातील असतात हे ठरल्यावर, त्या वर्गातील जाती कोणत्या, त्यांपैकी कोणती कोठे अंडी घालते, हे पाहणे प्राप्त झाले. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर विल्यम ग्लेन लिस्टन यांनी एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथे राहून हे काम केले व १९०१ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांत त्यांनी एका नव्या जातीचे वर्णन करून तिला जे. डब्ल्यू. डब्ल्यू. स्टीफन्स या सहसंशोधकाच्या नावावरून 'ॲनाफेलिस स्टीफेन्सी' असे नाव दिले. जगातील हिवताप-वाङ्मयात आज ज्या जातीचा वारंवार उल्लेख होतो, तिचे शास्त्रीय जन्मस्थान अमरावती जिल्ह्यात आहे, ही गोष्ट आपल्याकडील विद्यार्थ्यांनाही क्वचितच ठाऊक असते.

या जातीचा स्वभाव ध्यानात घेतल्याखेरीज पुढील इतिहास उलगडणार नाही. डास म्हटला की घाण, गटार आणि दलदल ही आपली सर्वसाधारण कल्पना. आणि क्यूलेक्स डासापुरती ती बरोबरही आहे. स्टीफेन्सी मात्र स्वच्छ पाणी पसंत करते. खोल विहीर, टाकी, कारंजे, हौद, म्हणजे माणसाने स्वतःसाठी जपून ठेवलेले पाणी, हेच तिचे माहेर. तिच्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर अशा आडव्या तरंगतात. क्यूलेक्सच्या अळ्यांप्रमाणे डोके खाली करून लोंबकळत नाहीत. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास सुमारे सात ते दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा भांडे कोरडे करावे या नियमाचे मूळ या जीवनक्रमात आहे. अर्थात घराची स्वच्छता आणि हिवतापाचा अभाव या दोन गोष्टी एक नव्हेत, हे मुंबईतील सुखवस्तू कुटुंबांना पटवून देणे किती अवघड गेले असेल याची कल्पना करता येते. ज्या घरातील विहीर रोज घासूनपुसून ठेवलेली, तीच विहीर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तापाचे कारण आहे, असे त्या घराच्या मालकाला सांगावयाचे होते.

मुंबई बेटाचे पाण्याशी असलेले नाते जुने आणि गुंतागुंतीचे आहे. सात बेटांमधील खाड्या भरत जाऊन एक भूमी झाली. १७८४ च्या सुमारास पूर्ण झालेला हॉर्नबी वेलार्ड हा त्या क्रमातील ठळक टप्पा. चोहोंकडे समुद्र, परंतु गोडे पाणी मात्र तलाव आणि विहिरी यांचेच. पुण्यात पेशव्यांनी कात्रजहून नळाने पाणी आणून हौद भरले, तशी एखाद्या राज्यकर्त्याने केलेली मोठी योजना मुंबईस दीर्घकाळ नव्हती. तेथे सावकार-व्यापाऱ्यांनी धर्मार्थ तलाव खोदले आणि प्रत्येक ऐपतदार घराने आपली विहीर बांधली. विहारचे पाणी १८६० मध्ये नळाने शहरात आले, १८७९ मध्ये तुळशीचा तलाव पूर्ण झाला आणि १८९२ मध्ये तानसा योजना. यानंतर गावातील तलाव एकामागून एक बुजले. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक : पाणी गेले, नावे राहिली. हे तलाव बुजवण्यात आरोग्याचा हेतू किती आणि जमिनीच्या किमतीचा किती, हा वेगळा व मनोरंजक विषय आहे. तो येथे सोडून देतो. तलाव सार्वजनिक होते, म्हणून ते बुजवता आले. विहिरी मात्र खासगी होत्या आणि त्या राहिल्या.

१९०८ मध्ये मुंबई बंदराच्या परिसरात हिवतापाची साथ उसळली. त्या वेळी लिस्टन परळच्या प्रयोगशाळेत होते. प्लेगच्या प्रसारातील उंदरावरील पिसवेचे कार्य सिद्ध करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. अचलपुरात पाहिलेला डास त्यांना मुंबईत पुन्हा भेटला. त्यानंतर सरकारने डॉ. सी. ए. बेंटली यांच्याकडे सविस्तर चौकशी सोपवली व त्यांचा अहवाल १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. बेंटलींचा निष्कर्ष थोडक्यात असा होता : शहरातील हिवतापाचा प्रमुख वाहक स्टीफेन्सी आहे, आणि त्याचे प्रमुख उत्पत्तिस्थान विहीर आहे.

हा अहवाल कोणत्या काळी आला याकडे लक्ष दिले पाहिजे. लाहोरजवळील मियाँ मीर छावणीत १९०२ पासून डासनिर्मूलनाचा जो प्रयोग चालला होता, त्याने फारशी आशा उरू दिली नव्हती. छावणीभोवती कालव्यांचे पाणी पसरलेले. एक डबके बुजवावे तो दुसरे तयार. १९०९ च्या ऑक्टोबरात सिमल्यास भरलेल्या हिवताप परिषदेत डासांच्या मागे लागावे की क्विनीन वाटावे, हा वाद रंगला आणि पारडे क्विनीनकडे झुकले. खेड्यांत ज्याला 'कोयनेल' म्हणत ती ही कडू पूड सरकारला स्वस्त पडे, आणि तिच्यासाठी कोणाच्या घरात शिरावे लागत नसे. या पार्श्वभूमीवर मुंबईचे वैशिष्ट्य असे की तेथील उत्पत्तिस्थाने मोजता येण्यासारखी होती. प्रत्येक विहिरीला मालक होता, मालकाला पत्ता होता, आणि पत्त्यावर नोटीस पाठवता येत होती. रानातील डबक्याला नोटीस बजावता येत नाही. डासनियंत्रण हे अभियंत्याचे वा वैद्याचे काम न राहता कायद्याचे काम झाले ते येथे. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यातील ३८१ वे कलम व त्याला जोडलेली उपकलमे यांच्या आधारे उपद्रवकारक पाणी झाकण्याचा, बुजवण्याचा वा काढून टाकण्याचा हुकूम मालकास देता येतो. मुंबईतील डासविषयक नोटिसांचा पाया आजही तोच आहे.

नोटिसा निघाल्या आणि अर्ज येऊ लागले. विहीर बुजवण्यास विरोध करणाऱ्यांत पारशी होते, हिंदू होते, जैन होते. पारशी समाजाच्या दृष्टीने पाणी पवित्र, आणि विहिरीच्या पाण्यावर सूर्यकिरण पडले पाहिजेत ही श्रद्धा. विहिरीपाशी दिवा लावून प्रार्थना करण्याचा प्रघात. सनातनी हिंदूंना पूजाअर्चेसाठी नळाचे पाणी चालत नव्हते, कारण ते कोणकोणत्या हातांतून व चामड्याच्या चकत्यांतून येते याचा भरवसा नव्हता. याखेरीज एक निराळीच भीती होती : विहिरीत वास करणारी शक्ती विहीर बुजवली तर घरावर कोपेल. या सर्व समजुतींचा संग्रह महापालिकेतच तयार झाला, ही मोठ्या गंमतीची गोष्ट होय. महापालिकेचे तत्कालीन चिटणीस रुस्तम पेस्तनजी मसानी यांनी विहिरींविषयीच्या लोकसमजुतींवर निबंध लिहिले आणि १९१८ मध्ये ते 'फोकलोर ऑफ वेल्स' या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. विहिरी बंद करण्याच्या मोहिमेशी ज्या कचेरीचा संबंध, तिच्याच चिटणिसाने विहिरींच्या देवतांचा कोश रचावा! मसानी पुढे मुंबईचे महापालिका आयुक्त झाले. लोकसाहित्याच्या अभ्यासकांना हा ग्रंथ परिचित आहे; सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासाचे साधन म्हणूनही त्याचे वाचन व्हावयास हवे, कारण नोटिशीच्या दुसऱ्या बाजूस उभ्या असलेल्या माणसाचे मन त्यात उमटले आहे.

अखेर तोड निघाली ती मध्यम मार्गाची. विहीर पूर्ण न बुजवता तिच्यावर पक्के आच्छादन घालावे, त्यात एक छोटे दार ठेवावे आणि त्या दारास बारीक तारेची जाळी असावी. म्हणजे पोहरा जाईल, ऊन जाईल, डास जाणार नाही. चर्चगेटजवळील भिखा बेहराम विहीर, जी १७२५ ची म्हणून प्रसिद्ध आहे, आजही छत्राखाली सुरक्षित असून पारशी समाजाचे श्रद्धास्थान आहे. मात्र बहुसंख्य घरगुती विहिरींच्या वाट्यास हे भाग्य आले नाही.

या विरोधाची संभावना इतिहासकारांनी बहुधा 'अंधश्रद्धा' या एका शब्दात केली आहे. माझ्या मते ती अपुरी आहे. अर्जांची भाषा धार्मिक असली तरी ती सोयीची भाषाही होती. कारण धर्मविषयक हरकतीस सरकार बिचकत असे आणि गैरसोयीच्या तक्रारीस बिचकत नसे. विहीर म्हणजे घरमालकाचा पाण्यावरील स्वतःचा ताबा. नळाचे पाणी महापालिकेचे. ते ठरावीक वेळी येणार, त्याची पट्टी द्यावी लागणार, उन्हाळ्यात ते आटणार. विहीर बुजवा असे सांगणे म्हणजे, आजपासून पाण्यासाठी आमच्यावर विसंबा, असे सांगणे होते. हा विश्वास महापालिकेने मागितला. तो सर्वस्वी मिळण्याजोगे काम तिच्या नळांनी केले होते काय, हा प्रश्न अर्जदारांनी थेट विचारला नसला तरी त्यांनी केलेल्या कृतीतून तो दिसतो. विहीर झाकल्यावर त्यांनी काय केले? गच्चीवर टाकी बांधली.

१९२८ मध्ये मलेरिया सर्व्हे ऑफ इंडियाचे मेजर गॉर्डन कॉव्हेल यांनी मुंबईच्या हिवतापाची पुन्हा पाहणी केली. बेंटलींचा अहवाल येऊन १७ वर्षे झाली होती. कॉव्हेल यांच्या पाहणीत विहिरींच्या जोडीला टाक्या आणि गिरण्या-कारखान्यांतील पाण्याचे साठे हेही उत्पत्तिस्थाने म्हणून पुढे येतात. नळ अखंड वाहत नसल्याने पाणी साठवणे भाग, आणि ज्या टाकीचे झाकण नीट बसत नाही ती स्टीफेन्सीच्या दृष्टीने उंचावर नेलेली विहीरच. जमिनीतील विहिरीवर झाकण घालून जो डास हाकलला, तो पाणीपुरवठ्याच्याच वाटेने वर चढला. कॉव्हेल यांच्यानंतर मोहिमेस अधिक शिस्त आली. तपासनीस शिडी लावून गच्चीवर चढू लागला. टाकीस डासप्रतिबंधक झाकण आणि तपासणीसाठी शिडी असावी ही अपेक्षा मुंबईकरांना आज परिचयाची आहे. त्याच वर्षी, म्हणजे १९२८ मध्ये, गॅम्बुसिया हा अळ्या खाणारा मासा इटलीहून बंगळूरला आणण्यात आला.

यापुढे या इतिहासास एक वळण मिळाले, आणि त्याने सुमारे वीस वर्षे पाण्याचा प्रश्न बाजूस सारला. डी.डी.टी.चे कीटकनाशक गुण पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये ओळखले. महायुद्ध संपते न संपते तोच मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन आणि त्यांचे सहकारी टी. रामचंद्र राव यांनी धारवाड व कारवार या जिल्ह्यांतील खेड्यांत घरांच्या आतील भिंतींवर डी.डी.टी. फवारण्याचा मोठा प्रयोग केला. त्याचे पहिल्या वर्षाचे निष्कर्ष १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले. १९५३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमास या अनुभवाचा आधार होता. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दर वर्षी साडेसात कोटी रुग्ण व आठ लक्ष मृत्यू असा अंदाज होता; १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास रुग्णसंख्या एक लक्षाच्या आसपास आली. या यशाचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. न्हावऱ्यासारख्या दख्खनी खेड्यात मुख्य वाहक स्टीफेन्सी नसून ॲनाफेलिस क्युलिसीफेसीस आहे. ती कालव्याच्या पाझरात, ओढ्या-नद्यांच्या पात्रातील डबक्यांत वाढते आणि रक्त शोषून झाल्यावर घरात वा गोठ्यात भिंतीवर विसावते. तिच्या पुढे विहिरीवरील झाकण व्यर्थ, आणि भिंतीवरील औषध अचूक.

परंतु सत्तेच्या दृष्टीने पाहता भिंत आणि पाणी यांत मोठा फरक आहे. फवारणीचा पंप घेऊन पथक वर्षातून दोनदा येई आणि जाई. घरच्यांनी भांडी बाहेर काढावी, इतकेच सहकार्य पुरे. पहिल्या वर्षांत लोकांनी फवारणीचे स्वागत केले. त्याचे एक कारण हिवतापापेक्षा ढेकूण होते. ढेकूण मेले, रात्रीची झोप लागली. पुढे ढेकणांना औषध लागू पडेनासे झाले तेव्हा लोकांचा उत्साह ओसरला, दारे बंद होऊ लागली. शिवाय मातीच्या भिंती सणासुदीस सारवण्याची आपली पद्धत. दिवाळीपूर्वी भिंतीवर पोतेरे फिरले की औषध त्याखाली गाडले जाई. घर स्वच्छ ठेवणारी गृहिणी येथेही अभावितपणे डासाच्या मदतीस आली, जशी पूर्वी मुंबईतील घासलेली विहीर आली होती. १९५९ च्या सुमारास क्युलिसीफेसीस डी.डी.टी.ला दाद देईनाशी झाल्याचे पश्चिम भारतात दिसून आले. १९७६ मध्ये देशात ६४ लक्षांहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि १९७७ मध्ये निर्मूलनाचे ध्येय सोडून सुधारित योजना स्वीकारावी लागली. शहरांसाठी १९७१ मध्येच नागरी हिवताप योजना सुरू झाली होती, आणि तिचा मुख्य भर भिंतीवर नव्हे, अळ्यांवर होता. बेंटली यांनी जेथे काम सोडले होते तेथे गाडी पुन्हा येऊन उभी राहिली.

गोव्याचा अनुभव यास जोडून पाहण्यासारखा आहे. पणजी व तिच्या आसपासच्या किनारी वस्तीत इमारतींची बांधकामे वाढली, तेव्हा बांधकामावरील पाण्याचे हौद आणि टाकून दिलेल्या गच्चीवरील टाक्या यांत स्टीफेन्सी फोफावली. तेथे १९९० नंतरच्या दशकात जीवाणूंपासून केलेले अळीनाशक आणि गोव्याच्याच पाण्यात आढळणारा 'ॲप्लोकायलस ब्लॉकी' हा छोटा मासा यांचे प्रयोग झाले. बांधकाम हे खासगी घरही नव्हे आणि सार्वजनिक जागाही नव्हे. तेथील पाण्याचा मालक कोण, हे ठरवणेच कठीण. मुंबईसही २०१० च्या हिवतापाच्या उद्रेकात हाच प्रश्न पडला. आणि अचलपुरात नाव मिळालेला हा डास २०१२ मध्ये आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जिबूती येथे आढळला, पुढे इथिओपियात पोहोचला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये त्याच्याविरुद्ध स्वतंत्र उपक्रम हाती घेतला. आफ्रिकेतील हिवतापाचा बंदोबस्त आजवर मुख्यतः ग्रामीण वाहकांना डोळ्यांसमोर ठेवून झाला. शहरातील घरगुती टाकी तपासावयास कोणत्या अधिकाराने जावयाचे, हा प्रश्न तेथील नगरपालिकांना आता सोडवावयाचा आहे.

आता पुन्हा न्हावऱ्याच्या रांजणाकडे येऊ. तेथे आरोग्य-कर्मचारी ज्या अळ्या शोधतो त्या बहुधा डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस डासाच्या असतात; हिवतापापुरता रांजण तेथे गौण आहे. परंतु नियम तोच, आठवडा तोच, आणि झाकण उचलण्याची कृतीही तीच. फरक एवढाच की मुंबईच्या घरमालकास नोटीस मिळत असे, तो अर्ज करू शकत असे, त्याच्या हरकतीमुळे जाळीच्या दाराची तोड निघाली. खेड्यातील रांजणाबाबत नोटीस नाही, अर्ज नाही. तोंडी सूचना आहे. ती सूचना जिला दिली जाते ती बहुधा पाणी भरणारी स्त्री असते. पन्नास-साठ लिटरचा रांजण ओतून, घासून, उलटा घालून वाळवावयाचा आणि पुन्हा भरावयाचा, हे काम तिचे. नळास पाणी रोज येत असेल तर ते अर्ध्या तासाचे. पाणी तीन-चार दिवसांनी येत असेल, किंवा उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागत असेल, तर कोरडा दिवस म्हणजे पिण्याचे पाणी सांडून देण्याचा दिवस. मुंबईच्या विहीरमालकांनी धर्माच्या भाषेत जे सांगितले, ते ही स्त्री कोणत्याच भाषेत नोंदवून ठेवत नाही. ती रांजण तसाच भरलेला ठेवते. आणि तपासणीच्या तक्त्यात ते घर अळ्या आढळलेले घर म्हणून नोंदले जाते.

आपल्या विभागातील ज्या विद्यार्थ्यांना स्थानिक इतिहासाचे काम करावयाचे असेल, त्यांनी अशा तक्त्यांकडे वळावे असे सुचवावेसे वाटते. त्यांत घराचा क्रमांक, तपासलेल्या भांड्यांची संख्या आणि दूषित भांड्यांची संख्या अशी सदरे असतात. त्या आठवड्यात त्या गल्लीस पाणी किती दिवसांनी आले, हे सदर त्यांत नसते. ते पाणीपुरवठ्याच्या वेगळ्या वहीत असते. दोन्ही वह्या समोरासमोर ठेवून वाचल्यास बेंटली आणि कॉव्हेल यांच्या दरम्यानच्या १७ वर्षांत मुंबईत काय घडले असावे, याचाही काही उलगडा न्हावऱ्यात बसून होऊ शकेल.